कानाला मोतीबिंदू होत नाही

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या कालनिर्णयवर अण्णा नारिंगी रंगाचे बारके स्टिकर चिकटवतात. कानाच्या मशीनच्या सेलवरचे ते स्टिकर. हा सेल हवेवर चालतो. स्टिकर सोलला की पाठीवरच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की मशीन कानात असो नाहीतर डबीत, तो संपत राहतो. म्हणून ज्या दिवशी सेल घातला त्या तारखेच्या चौकोनात स्टिकर. डाव्या कानाचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. संकष्टी, दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, आणि त्यांच्या मधेमधे हे नारिंगी ठिपके.

गेल्या डिसेंबरअखेर भिंतीवरून कॅलेंडर उतरवताना मी ते मोजले. चौसष्ट भरले. सहा सेलांची पट्टी आम्हाला तीनशेला पडते. अकरा पट्ट्यांचे तेहतीसशे रुपये.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. त्यातून चष्मा घ्या, काठी घ्या, कमोडची खुर्ची घ्या, कमरेचा पट्टा घ्या, नाहीतर श्रवणयंत्र घ्या. काठीला तीन हजार पुरतात, पट्ट्यालाही पुरतात. कानाच्या बाबतीत मात्र यंत्राचं सोडाच, यंत्राचे वर्षभराचे सेलही त्यात येत नाहीत.

मी हिशेबनीस आहे, त्यामुळे एवढ्यावर थांबवेना. अण्णांची जोडी साठ हजारांची. जोडीला दोन-अडीच लाख मोजणारेही असतात, तेव्हा ही खालून दुसऱ्या पायरीवरची समजा. नीट सांभाळली तर पाच वर्षं जाते, म्हणजे वर्षाला बारा हजार. ट्यूब सहा महिन्यांत पिवळी पडून कडक होते, ती बदलायची. दीड-दोन वर्षांत कानातला साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मग नवा साचा. पावसाळ्यात रात्री मशीन ठेवायच्या डबीत ओल शोषणारी गोळी घालायची. वर्षातून तीन-चारदा सेटिंगसाठी कोल्हापूरची खेप, सोबत मी, म्हणजे माझी अर्ध्या दिवसाची रजा. सगळं धरून वर्षाला अठरा हजारांच्या घरात जातं. महिन्याला दीड हजार.

श्रावणबाळ योजनेतून निराधार म्हाताऱ्या माणसाला २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. (नावातल्या श्रावणाचा कानाशी संबंध जोडायचा मोह मी आवरतो.) म्हणजे त्या माणसाने ठरवलं तर तो महिनाभर नीट ऐकू शकेल, फक्त जेवता येणार नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं यावर कुणी म्हणेल. पण इथे कोंबडीही चार आण्याची नाही. आणि आपल्याकडच्या सगळ्या सरकारी नि धर्मादाय योजना कोंबडी वाटून मोकळ्या होतात. मसाल्याचं नावही कुठे सापडत नाही.

असं का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, आपण कानाची योजना डोळ्यावरून बेतली आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्यानंतर गावोगावच्या मोतीबिंदूच्या शिबिरांनी जे केलं ते खरंच मोठं आहे. आजोबांना गाडीत घालून न्यायचं, ऑपरेशन करायचं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, पंधरा दिवस डोळ्यांत थेंब घालायचे. आत बसवलेली लेन्स जन्मभर राहते. तिला सेल लागत नाही, ती घामाने खराब होत नाही, सहा महिन्यांनी तिचं सेटिंग करावं लागत नाही. एका दिवसाचा खर्च आणि उरलेल्या आयुष्याची दृष्टी. देणाऱ्याला याहून सोपं पुण्य नाही, आणि सरकारलाही मोजायला सोपं: इतकी ऑपरेशनं, इतके डोळे.

मग तीच पद्धत कानाला लावली. इतकी शिबिरं, इतकी यंत्रं. पण कानाला मोतीबिंदू होत नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी आवाजाने किंवा वयाने एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. जे गेलं ते काढून नवं बसवायची सोय नाही. यंत्र बाहेर राहतं, तेलकट कानात, घामात, जूनच्या दमट हवेत. ते त्या माणसाच्या कानाला जुळवावं लागतं आणि कान बदलला की पुन्हा जुळवावं लागतं. ही मधुमेहासारखी गोष्ट आहे. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिनची एक बाटली देऊन, त्याच्यासोबत फोटो काढून कुणी निघून गेलं तर आपण काय म्हणू?

आमच्या घरात एक पत्र्याचा डबा आहे, पूर्वी बिस्किटांचा होता. त्यात अण्णांचं पहिलं मशीन पडून आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या शिबिरात मिळालेलं. संस्थेचं नाव घेत नाही, हेतू चांगलाच होता. मांडवात शे-दीडशे माणसं, हारतुरे, भाषणं; भाषणांचा आवाज फक्त व्यासपीठावरच्यांना नीट ऐकू येत होता. प्रत्येकाच्या कानापाशी दोन मिनिटं काहीतरी वाजवून झालं आणि खोकं हातात आलं. सगळ्यांना एकच मशीन, एकाच सेटिंगचं, रबरी बोंडाच्या तीन मापांपैकी जे बसेल ते. शंभर माणसांना एकाच नंबरचे चष्मे वाटले असते तर दंगा झाला असता. इथे टाळ्या पडल्या.

अण्णांनी ते अकरा दिवस वापरलं. त्यांचा त्रास समजून घेतला तर त्यांनी ते का काढून ठेवलं ते कळतं. ते पस्तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर होते. आवाजाने बाद झालेला कान सरसकट बहिरा होत नाही. आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला दिसतो. भाषेतले स, श, फ, थ हे तिथले रहिवासी. खालच्या पट्टीतले स्वर मात्र शाबूत असतात. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, काय बोलतंय ते कळत नाही. भाजीवाली ‘साठ’ म्हणते, अण्णांना ‘आठ’ ऐकू येतं, आणि ते आठ रुपयांत गवारीचा अर्धा किलो उचलून निघतात. ती ओरडते, पुन्हा ‘आठ’च ऐकू येतं, यावेळी मोठ्याने. शिबिरातलं मशीन हेच करत होतं. जे ऐकू येतं तेच आणखी मोठं करत होतं. फोडणी तडतडली की अण्णा दचकायचे, भांडं पडलं की कानशिलावर हात मारायचे. आणि ‘साठ’चा ‘आठ’ तसाच.

जुळणी म्हणजे काय, ते दुसऱ्या मशीनच्या वेळी कळलं. कोणत्या पट्टीचा आवाज किती चढवायचा, कुठे आवर घालायचा, हे ऑडिओग्राम समोर ठेवून ठरवायचं. मग पंधरा दिवसांनी या, काय खटकतं ते सांगा, पुन्हा फिरवू. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला नव्याने ओळखावे लागतात. तीन खेपांनंतर अण्णांनी परतीच्या एसटीत विचारलं, “हे टिकटिक काय वाजतंय?” ड्रायव्हरने वळणाचा दिवा लावला होता.

हे काम यंत्र करत नाही, माणूस करतो. आणि बिलात त्या माणसाचं नाव नसतं. आमच्या साठ हजारांच्या बिलात एकच ओळ होती: श्रवणयंत्र, २ नग. तपासणी मोफत, साचा मोफत, पुढच्या भेटी मोफत. हिशेबाच्या धंद्यात जे मोफत असतं ते कुठल्या रकान्यात दडवलंय, एवढंच बघायचं असतं. तपासणारा आणि विकणारा एकच, आणि तपासणीची फी यंत्र विकलं गेलं तरच सुटणार. अशा वेळी तो तुम्हाला स्वस्तातलं यंत्र पुरेल असं सांगेल का? सांगणारे आहेत, आम्हाला भेटलेली मुलगी त्यांतलीच. पण धंद्याची मांडणी तिच्या उलट बाजूने ओढते. वर जगातली बहुतेक चांगली यंत्रं पाचेक कंपन्यांची, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, अमेरिकेतली. घासाघीस करून करणार कोणाशी?

लगेच उपाय सुचतो तो किंमत बांधून द्यायचा. हृदयातल्या स्टेंटचं फेब्रुवारी २०१७ मध्ये तेच केलं; औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि लाखाच्या पुढची वस्तू झटक्यात खाली आली. मग कानाचंही करा. मला हे अर्धंच पटतं. स्टेंट बसवायच्या कामाचं बिल दवाखाना वेगळं लावतोच. कानाच्या यंत्रात काम वस्तूच्या पोटात दडलेलं आहे. नुसती वस्तू स्वस्त केली तर दुकानदार पहिली कात्री पुढच्या भेटींना लावेल, आणि आपण बाजारात शिबीर भरवल्यासारखं होईल. आधी बिल फोडायला लावा. यंत्राचे किती, तपासणीचे किती, साच्याचे किती, जुळणीच्या प्रत्येक भेटीचे किती. मग गिऱ्हाइकाला यंत्र एकीकडून घेऊन जुळणी दुसरीकडे करता येईल, सरकारला जुळणीचे पैसे भरता येतील, आणि यंत्राच्या किमतीला हात घालायचा तर नक्की कशाला हात घालतोय ते दिसेल. एवढं होईपर्यंत प्रत्येकाच्या हातात एक गोष्ट आहे: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडेच, म्हणजे कान तपासून यंत्र जुळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच जा, आणि आठवडाभर वापरून बघू दिल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑनलाइन हजार-पाचशेला मिळणाऱ्या ‘मशीन’बद्दल दोन शब्दही जास्त होतील. ते शिबिरातलंच मशीन आहे, फक्त हारतुऱ्यांशिवाय. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोषाच्या प्रौढांना यंत्र थेट दुकानातून घेता येतं. पण त्याला तिथे नियमांची चौकट आहे. आपल्याकडे फक्त कुरियर आहे.

आता कायद्याकडे या. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात ‘कमी ऐकू येणारा’ म्हणजे दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ६० ते ७० डेसिबलची घट असलेला, आणि ७० ला पोहोचला की ‘बधिर’. दोन माणसं समोरासमोर बसून जे साधं बोलतात ते साधारण ६० डेसिबलचं असतं. म्हणजे समोरच्याचं बोलणं जवळजवळ पूर्ण बुडेपर्यंत माणूस कायद्याच्या व्याख्येतच येत नाही. पंचावन्नवाला ना घरचा ना घाटचा. त्याला कार्ड नाही, म्हणून कार्डावर मिळणारं काहीच नाही. म्हातारपणाने आणि कारखान्याने बहिरी झालेली बहुतेक माणसं याच पट्ट्यात असतात.

कर भरणाऱ्यांना सवलत होती ती अशी: दिव्यांग व्यक्तीला ‘८० यू’खाली आणि तिला सांभाळणाऱ्याला ‘८० डीडी’खाली ७५,००० रुपयांची वजावट, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत, आणि आता न सांगता लागू होते ती नवी प्रणालीच. माझे दोन अशील यात सापडले. टॅक्स कमी बसला म्हणून खूश होते, जुन्या पद्धतीने काढून दाखवल्यावर गप्प झाले. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनी दोन्ही हिशेब करूनच फॉर्म भरावा. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, हे सरकारचं मान्य करायलाच हवं. आरोग्यविम्याचं विचारूच नका. बहुतेक पॉलिसींत चष्मा आणि श्रवणयंत्र हातात हात घालून ‘वगळलेल्या बाबीं’च्या यादीत बसलेले असतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना त्यांच्या योजनेतून ठराविक मर्यादेपर्यंत यंत्राचा परतावा मिळतो. म्हणजे ही गोष्ट वैद्यकीय खर्चात मोडते, हे सरकारला स्वतःच्या माणसांपुरतं ठाऊक आहे.

एवढा वेळ मी खर्च कसा भागवायचा ते बोललो. मूळ प्रश्न वेगळा आहे: हा खर्च अण्णांचा का?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. मागवाल्यांच्या वह्या लिहिणं हा माझा पेशा आहे, त्यामुळे एका शेडला काय काय लागतं ते मला तोंडपाठ आहे. सूत, वीज, तेल, धोटे, कांड्या, जॉबरचा पगार. आणि वर्षाअखेरीस घसारा. माग झिजतो म्हणून मालक दरवर्षी त्याच्या किमतीतला तुकडा खर्ची टाकतो आणि तेवढ्यावरचा कर वाचवतो. रीतसर आहे ते. पण त्याच शेडमध्ये मागासमोर उभ्या माणसाचा कान झिजतो, त्याचा घसारा मी आजवर एकाही वहीत लिहिलेला नाही. तो लिहिला जातो आमच्या कालनिर्णयवर, नारिंगी स्टिकरांनी.

मागांच्या शेडमध्ये कधी गेला नसाल तर एवढंच सांगतो: तिथे एकमेकांच्या कानात ओरडूनही ऐकू जात नाही. कामगार ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. अण्णा बाविसाव्या वर्षी ते शिकले. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. जगात बऱ्याच ठिकाणी तज्ज्ञ ८५ च धरतात. आवाजाने आलेला बहिरेपणा जुन्या कारखाने कायद्यात आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता, त्यांच्या जागी आलेल्या श्रमसंहितांतही आहे. कागद चोख आहे. पण विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तर ‘कारखाना’ हा जुन्या कायद्याचा उंबरठा, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत तो वीसवर गेला. आमच्या गावातल्या कित्येक शेडमध्ये पाळीला चार-सहा माणसं. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, जागा तिसऱ्याची. भरपाई मागायची कुणाकडे? अण्णांनी पस्तीस वर्षांत सात-आठ मालक पाहिले. कोणत्या मालकाने किती डेसिबल घेतले, ते कोण सांगणार?

या प्रश्नाचं उत्तर मात्र महाराष्ट्राला परकं नाही. हमालाचाही मालक एक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. म्हणून तर १९६९ चा माथाडी कायदा झाला. प्रत्येक मालकाने मजुरीवर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि मजुराचा फंड, औषधपाणी मंडळाने बघायचं. बांधकाम मजुरांसाठी १९९६ पासून बांधकामाच्या खर्चावर उपकर आहे. मागाच्या कापडावर मीटरमागे पैसा-दोन पैसे अशाच पद्धतीने बाजूला काढले, तर कामगाराची कामाला लागताना आणि मग दरवर्षी कानाची तपासणी, कानात घालायचे चांगले बोळे, आणि कान गेलाच तर यंत्र नि त्याचे सेल, एवढं नक्की भागेल. मागवाले माझेच अशील आहेत. त्यांचे नफ्याचे आकडे मला माहीत आहेत, मंदीत ते किती रडतात तेही. तरीही म्हणतो. कापूस कानात कोंबण्यापेक्षा बरा बोळा काही रुपयांत येतो. तो पस्तीस वर्षं न घेतल्याने जे पैसे वाचले ते कुणाच्या तरी खिशात गेलेच ना?

आणि हे फक्त मागांपुरतं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. वर्षातले पंधरापर्यंत दिवस रात्री बारापर्यंत सूट द्यायचा अधिकार राज्य सरकारला आहे, आणि तो वापरायला सरकार विसरत नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींपुढे नाचणाऱ्या पोरांकडे बघून अण्णा मान हलवतात. त्यांना तो आवाज छातीत ऐकू येतो.

मुलांचं गणित आणखी अवघड. जन्मजात बहिऱ्या मुलाला जिथे साध्या यंत्राचा उपयोग होत नाही तिथे कॉक्लिअर इम्प्लांट करतात, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात यंत्र बसवतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेनंतर वर्षाला ५०० मुलांना, प्रत्येकी ६ लाखांपर्यंत, ही सोय झाली. देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या वर मुलं जन्मतात. हजारी एकच मूल बहिरं धरलं तरी बावीस हजार होतात. त्या सगळ्यांना इम्प्लांट लागत नाही, आणि ज्या घरांची भाषाच खुणांची आहे ती त्यांना हवंच असंही नाही. त्यांच्या हिशेबात यंत्राच्या जागी दुभाषी येतो आणि त्याचेही पैसे कुणी देत नाही. पण पाचशे म्हणजे पाचशेच.

आणि हे ऑपरेशनही मोतीबिंदूसारखं नाही. आतला भाग राहतो, पण कानामागे अडकवायचा प्रोसेसर बाहेरचा. त्याची वायर तुटते, बॅटरी मरते, आठ-दहा वर्षांत कंपनी त्या मॉडेलचे सुटे भाग बंद करते. नवा घ्यायचा तर पुन्हा लाखांत. केरळने ‘श्रुतितरंगम’ योजनेतून लहान मुलांना मोफत इम्प्लांट दिले आणि ते कौतुकाचंच आहे. पण पुढे मुलं मोठी होऊ लागली तशी दुरुस्तीची आणि प्रोसेसर बदलायची रड सुरू झाली, आणि तो भारही सरकारला उचलावा लागला. सात वर्षांचं मूल सोमवारी वर्गात ऐकत होतं आणि मंगळवारी वायरसाठी थांबलं, तर त्याच्या शाळेचं काय होतं ते आईबापच जाणतात.

यावर ठरलेला प्रश्न येतो: सरकारने काय काय करायचं? पैसा कुठून आणायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात कानावर घातलेला एक डॉलर दहा वर्षांत सोळा होऊन परत येतो असं म्हटलंय. असले आकडे मी धंद्याच्या सवयीने जपूनच वाचतो. यंत्राने विसरभोळेपणा लांबतो म्हणतात, त्याचंही तसंच. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत श्रवणयंत्रामुळे सगळ्यांचीच स्मृती टिकली असं दिसलं नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांत ऱ्हासाचा वेग जवळपास निम्मा झाला. मला यापेक्षा साधा हिशेब पटतो. ज्या यंत्रांवर पैसे आधीच खर्च होतात ती डब्यात पडून आहेत. तो खर्च शंभर टक्के वाया आहे. यंत्रं कमी वाटा, पण वाटलं ते कानात राहील एवढे पैसे त्यामागे ठेवा.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने १९४८ साली, जन्मली त्याच वर्षी, श्रवणयंत्र मोफत द्यायला सुरुवात केली. लढाईने कंगाल झालेला देश होता तो. तिथे यंत्र वापरायला दिलेलं असतं, मालकीचं नसतं. सोबत एक वही मिळते, ती दाखवून सेल घ्यायचे, बिघडलं तर दुरुस्त करून घ्यायचं, तेही मोफत. त्यांच्याकडेही रांगा आहेत, तक्रारी आहेत. पण सेल मोजून वापरायची वेळ तिथल्या म्हाताऱ्यावर येत नाही.

आपल्याला रेशनकार्ड कळतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातला एक वार कानाचा ठरवा. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून कागदावर आहेच. त्या वारी एक ऑडिओलॉजिस्ट, एक लॅपटॉप, ट्यूबचं बंडल आणि घाऊक घेतलेल्या सेलांचं खोकं. कार्डावर महिन्याला एक पट्टी, यंत्र शिबिरातलं असो, सरकारी असो की स्वतः घेतलेलं. आणि शिबीर भरवणाऱ्या संस्थांना एकच अट: दिलेल्या यंत्रांपैकी वर्षानंतर किती कानात आहेत, तो आकडा लावल्याशिवाय पुढच्या शिबिराला परवानगी नाही. हारतुरे चालतील.

अण्णांना यातलं काही सांगायला गेलं की ते म्हणतात, “मला काय कुणाचं व्याख्यान ऐकायचंय?” दुपारी आई झोपली की ते दोन्ही मशीन काढून डबीत ठेवतात. स्टिकर सोललेला सेल काढून ठेवला तरी संपतो, हे मी त्यांना तीनदा समजावलं. तरी म्हणतात, “घरात कोण बोलायला लागलंय? कशाला जाळायचा?”

या वर्षीच्या कालनिर्णयवर मार्चपासून चौकोनांच्या फक्त उजव्या बाजूला ठिपके आहेत. डावं मशीन बिघडलंय का, म्हणून मी काढून तपासलं. ते ठणठणीत होतं.